व्याधीने थांबलेला व्यवसाय आणि जीविताचे प्रयोजन

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन ह्या चार गोष्टी सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यांतील प्रयोजन म्हणजे 'हे कशासाठी?' ह्या प्रश्नाचे उत्तर. ग्रंथाचे प्रयोजन कळले नाही तर बुद्धिमान वाचक त्यात प्रवृत्त होत नाही, असे शास्त्रकार म्हणतात. मनुष्याच्या आयुष्यासही हाच न्याय लागू आहे. सकाळी अंथरुणातून उठण्यास काही कारण असावे लागते. ते कारण ज्याच्यापाशी नाही, त्याचा देह धडधाकट असला तरी दिवस त्याला पेलत नाही. मग ज्याचा देहही व्याधीने खचला आहे आणि त्यापायी ज्याचा व्यवसायही सुटला आहे, त्याने काय करावे? हा प्रश्न अनेकांच्या घरात उभा असतो आणि त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा क्रमाने विचार केला आहे.

विषयाची मांडणी

नागपूरसारख्या शहरात दोन अनोळखी गृहस्थ भेटले म्हणजे नावगाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'आपण काय करता?' महालातील शाळेतला शिक्षक, अजनीच्या वसाहतीतील रेल्वेचा नोकर, इतवारीतील पेढीवर हिशेब लिहिणारा, हे सारे त्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देतात. पण संधिवाताने ज्याची बोटे वाकडी झाली, पक्षाघाताने ज्याची वाचा अडखळू लागली, किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे ज्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस रक्तशुद्धीसाठी रुग्णालयात घालवावे लागतात, तो ह्या प्रश्नापाशी थबकतो. काल तो शिक्षक होता. आज तो कोण?

विदर्भात ह्या यादीत आणखी एका व्याधीची भर आहे. सिकलसेल ह्या रक्तविकाराची ह्या भागातील नोंद नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुक्ला व सोलंकी ह्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. हा विकार जन्मासोबत येतो. थंडी, अंगातील पाणी कमी होणे, अतिश्रम अशा कारणांनी त्यात तीव्र वेदनांचे झटके येतात, आणि उमेदीच्या वयातील तरुणाची नोकरी त्या झटक्यांपुढे टिकत नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ उतारवयाचा आहे, असे मानण्याचे कारण नाही.

येथे तीन गोष्टींचा विवेक करणे अवश्य आहे. निरोगी मनुष्याच्या व्यवसायात उपजीविका, प्रतिष्ठा आणि प्रयोजन हे तीन पदर एकत्र वळलेले असतात. पगार मिळतो ही उपजीविका. लोक 'गुरुजी' म्हणून हाक मारतात ही प्रतिष्ठा. वर्गातल्या मुलांना आपल्यावाचून अडते हे प्रयोजन. दोर अखंड असतो तोवर हे पदर वेगळे दिसत नाहीत. व्याधीने तो दोर एका घावात तुटतो आणि रोग्यास वाटते, की तिन्ही एकच होते आणि तिन्ही गेले. वास्तविक उपजीविकेचा उपाय वेगळा आहे, प्रतिष्ठेचा वेगळा आणि प्रयोजनाचा वेगळा. उपाय शोधणाऱ्याने हे पदर प्रथम सोडवून घेतले पाहिजेत.

पूर्वपक्ष

ह्याविषयी लोकांत दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे : 'आधी रोग बरा होऊ दे, मग जीविताचा विचार करू.' दुसरे मत असे : 'हे प्रारब्ध आहे, ते मुकाट्याने भोगावे. त्यात आणखी प्रयोजन कसले शोधायचे?'

पहिले मत तीव्र परंतु अल्पकाळ टिकणाऱ्या रोगास शोभते. ताप आलेल्याने ताप उतरेपर्यंत थांबावे हे योग्यच. पण जी व्याधी दहा-वीस वर्षे, कदाचित देहाच्या अंतापर्यंत राहणार, तिच्या बाबतीत 'मग' हा शब्द कधीच येत नाही. असा मनुष्य आपले सारे उरलेले आयुष्य प्रतीक्षेच्या खोलीत घालवतो.

दुसऱ्या मतात कर्मफळाच्या सिद्धांताचा आधार घेतलेला दिसतो, पण तो चुकीच्या जागी घेतलेला असतो. कर्मफळ मानणाऱ्याने तो सिद्धांत स्वतःच्या आचरणास वळण लावण्यासाठी मानावा. शेजाऱ्याच्या रोगाचे कारण सांगण्याचा अधिकार त्यातून कोणासही मिळत नाही. रोग्याच्या खाटेपाशी बसून त्याच्या पूर्वकर्माची चर्चा करणारा मनुष्य स्वतः त्या क्षणी काय कर्म जोडीत आहे, हे त्याने पाहावे. शिवाय भोग हा देहास आहे असे धरले, तरी भोग चालू असता कर्तव्य संपते असे कोठे ठरले आहे? देह भोगीत असतानाही बुद्धी, वाचा, स्मरण आणि स्नेह ही साधने पुष्कळदा शाबूत असतात.

ही दोन्ही मते का टिकत नाहीत, हे समजण्यास नागपूरच्या आसपासच घडलेले दोन दृष्टान्त पुरेसे आहेत. दोन्ही कुष्ठरोगासंबंधी आहेत. ह्याचे कारण असे, की त्या काळी व्यवसायाबरोबर घर, गाव आणि नातीगोतीही हिरावून नेणारी ह्यासारखी दुसरी व्याधी नव्हती. हा रोग घटस्फोटाचे एक कारण म्हणून आपल्या कायद्यात होता आणि ती तरतूद वगळली गेली ती २०१९ साली, ह्यावरून त्याची दहशत लक्षात यावी.

दृष्टान्त पहिला : परचुरे शास्त्री

परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान. राष्ट्रीय चळवळीत त्यांनी कारावास पत्करला. येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधी होते तेव्हा शास्त्रीबुवाही तेथे होते, आणि कुष्ठरोगामुळे त्यांस इतर बंद्यांपासून वेगळे ठेवलेले होते. पुढे रोग वाढला. ज्या विद्येवर विद्वानाचा निर्वाह आणि मान दोन्ही अवलंबून, ती विद्या मुखोद्गत असूनही ऐकण्यास समोर कोणी बसेना. पाठशाळेत, पंक्तीत, मंगलकार्यात अशा रोग्यास स्थान नव्हते.

१९३९ साली ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आले. उरलेले दिवस तेथे काढावे आणि तेथेच देह ठेवावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आश्रमात मुले-माणसे राहत होती आणि रोगाचे भय सर्वांनाच होते. त्या वेळी ह्या रोगावर खात्रीचे औषधही उपलब्ध नव्हते. गांधीजींनी आश्रमवासीयांस विचारून, त्यांची संमती घेऊन शास्त्रीबुवांना ठेवून घेतले. स्वतःच्या निवासाजवळ त्यांच्यासाठी कुटी करविली आणि त्यांच्या अंगास मालिश करण्याचे काम स्वतःकडे घेतले. ती कुटी आजही परचुरे कुटी म्हणून दाखवली जाते आणि मालिशचे ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असते.

परंतु ह्या प्रसंगाचा एक भाग लोक विसरतात. शुश्रूषा एवढ्यावरच हा व्यवहार थांबला नाही. शास्त्रीबुवांकडून आश्रमवासी संस्कृत शिकू लागले. आश्रमात एक विवाह व्हावयाचा होता, तेव्हा पौरोहित्य करण्यास त्यांनाच सांगण्यात आले. ज्याच्या सावलीस लोक बिचकत, त्याच्या मुखातून वधूवरांनी मंत्र ऐकले. त्यांस कुटी, अन्न आणि मालिश मिळाले ते दान होते. पाठ आणि पौरोहित्य ही मात्र मागणी होती, आणि ती त्यांच्या विद्येपाशी केलेली होती.

ह्यानंतरची हकीकतही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मधल्या काळात प्रकृतीस उतार पडला तरी रोग गेला नाही. पुढे शास्त्रीबुवा वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथील कुष्ठधामात राहिले. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली हे काम सुरू केले होते. १९४५ साली शास्त्रीबुवांचा देह तेथेच पडला. त्याच दशकात डॅप्सोन ह्या औषधाचा ह्या रोगावरील उपयोग सिद्ध होत होता, पण त्याचा लाभ त्यांस व्हावयाचा नव्हता.

दार्ष्टान्तिक

ह्यावरून पहिल्या पूर्वपक्षाचे निरसन होते. शास्त्रीबुवा बरे झाले नाहीत, तरीही ते पुन्हा गुरुजी झाले. रोगनिवृत्ती आणि प्रयोजनप्राप्ती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीवाचूनही घडू शकते.

पुढचा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. शास्त्रीबुवांची विद्या सेवाग्रामला येण्यापूर्वीही त्यांच्यापाशी होती. सेवाग्रामला येऊन त्यात एका श्लोकाची भर पडली नाही. मग नवीन काय घडले? कोणीतरी ती मागितली. प्रयोजन मनुष्याच्या एकट्याच्या अंतःकरणात शोधून सापडत नाही, ते मागणारा आणि देणारा ह्यांच्या मध्ये उत्पन्न होते. रोग्यास देणारे पुष्कळ भेटतात : कोणी औषध देतो, कोणी फळे देतो, कोणी उपदेश देतो. त्याच्यापाशी काही मागणारा मात्र क्वचित भेटतो. ज्याच्यापाशी कोणी काही मागत नाही, त्याला आपण संपलो असे वाटू लागले तर त्यात नवल नाही.

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास हा न्याय अपरिचित नसावा. श्रीचक्रधर स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी लीळा जमविल्या, त्या ज्याने त्याने पाहिलेले-ऐकलेले विचारून. त्यांत विद्वान होते तसे सामान्य जनही होते. प्रत्येकाच्या स्मरणातला कण मागितला गेला, म्हणून लीळाचरित्र उभे राहिले. पुढे मूळ पोथी परचक्रात हरपली, तेव्हा पुन्हा ज्यांच्या ज्यांच्या स्मरणात जे होते ते मागूनच तिचे पाठ सिद्ध करावे लागले. मागणारा नसता तर ते स्मरण ज्याच्या त्याच्या देहाबरोबर गेले असते.

दृष्टान्त दुसरा : आनंदवन

येथे अशी शंका येईल, की शास्त्रीबुवा विद्वान होते, त्यांच्यापाशी मागण्याजोगे काही होते. ज्याच्यापाशी केवळ अंगमेहनत होती आणि तीच व्याधीने नेली, त्याच्यापाशी काय मागावे?

ह्या शंकेचे समाधान नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वरोऱ्यास मिळते. मुरलीधर देविदास उपाख्य बाबा आमटे हे नागपुरात शिकून वकील झालेले. तुळशीराम नावाच्या, रोगाने जर्जर झालेल्या मनुष्यास पाहून आपण भ्यालो, ह्या गोष्टीची त्यांस लाज वाटली, आणि त्या भयावर मात करण्यासाठी ते ह्या कामात पडले, असे ते स्वतः सांगत. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवनाचा आरंभ झाला. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये हे आरंभीचे भांडवल.

तेथे रोग्यांपाशी जे मागितले गेले ते त्यांचे श्रमच. त्यांनी विहीर खणली, जमीन तोडली, भाजीपाला पिकविला. प्रथम गावातील लोक ती भाजी घेईनात. पुढे देशोदेशींचे स्वयंसेवक येऊन रोग्यांबरोबर राहिले, जेवले, त्यांनी इमारती उभ्या करण्यास हात लावला, तेव्हा गावाचे भय कमी झाले आणि भाजी विकली जाऊ लागली. १९६४ साली ह्याच आनंदवनात महाविद्यालय निघाले. ज्यांना गावाने वेशीबाहेर घालविले, त्यांच्या भूमीवर गावाची मुले शिकण्यास आली.

मात्र 'काम करा म्हणजे सारे ठीक होईल' असा उथळ अर्थ ह्यातून कोणी काढू नये. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर आघात करतात आणि हातापायांची संवेदना जाते. गरम भांड्याने हात भाजला किंवा कुदळीच्या दांड्याने फोड आला तरी रोग्यास कळत नाही. जखम चिघळते आणि बोटे झिजतात. म्हणजे ज्या श्रमाने मान मिळावयाचा, त्याच श्रमाने हात जाण्याचे भय. म्हणून अशा मनुष्याने रोज हातपाय डोळ्यांनी तपासावे, हत्याराच्या मुठीस मऊ वेष्टन असावे, सोसवत नाही ते काम दुसऱ्यास द्यावे, अशी व्यवस्था करावी लागते. त्वचा सांगत नाही ते डोळ्यांस विचारावयाचे. प्रत्येक दीर्घ व्याधीत अशीच योजना हवी. संधिवाताच्या रोग्यास सकाळी सांधे आखडतात, म्हणून त्याच्यापाशी दुपारचे काम मागावे. रक्तशुद्धीच्या दिवशी थकवा येतो, म्हणून मधल्या दिवसाचे मागावे. व्याधीची मर्यादा न पाहता केलेली मागणी ही जुलूम होय, आणि व्याधी आहे म्हणून काहीच न मागणे हीदेखील एक प्रकारची हकालपट्टीच होय.

पुढे बाबा आमटे ह्यांनाच मणक्यांच्या व्याधीने गाठले. त्यांस बसणे अशक्य झाले. उभे राहावे किंवा आडवे पडावे, एवढेच दोन पर्याय उरले. जमीन तोडण्याचे काम त्यांच्या हातून सुटले. तशा स्थितीत १९८५-८६ साली 'भारत जोडो' म्हणत त्यांनी तरुणांसह कन्याकुमारीहून काश्मीरकडे प्रवास केला. तरुण सायकलींवर आणि ते वाहनात आडवे पडून, असा तो प्रवास झाला. १९९० साली ते नर्मदाकाठी कसरावद येथे राहण्यास गेले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचा देहान्त झाला. इतरांच्या व्याधीपुढे जो न्याय त्यांनी लावला, तोच स्वतःच्या व्याधीपुढे लावण्याची वेळ त्यांच्यावर आली आणि त्यांनी तो लावला.

उपजीविकेविषयी

प्रयोजनाचा विचार करताना उपजीविकेचा पदर सोडून देणे हे पोटभरल्याचे तत्त्वज्ञान होईल. घरात चूल पेटत नसेल तर रोग्यास केलेला उपदेश त्याच्या दुःखात भरच घालतो. ह्या बाबतीत कायद्याने काही संरक्षण दिले आहे, ते प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे.

अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या कायद्यातील कलम ४७ अन्वये सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकण्यास किंवा पदावनत करण्यास मनाई होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २०, पोटकलम ४ मध्ये ही तरतूद कायम आहे. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या व तेच लाभ असणाऱ्या दुसऱ्या पदावर त्यास न्यावे. असे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. ह्या कायद्याच्या अनुसूचीत कुष्ठमुक्त व्यक्ती, सिकलसेल, कंपवात अशांचाही समावेश आहे. ही तरतूद शासकीय आस्थापनांपुरती आहे, आणि काही आस्थापनांस सूट देण्याचा अधिकार शासनाने राखला आहे. म्हणून खाजगी पेढीतल्या नोकरास तिचा आधार मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यास आधार आहे, त्याने आजारपणाच्या खिन्नतेत घाईने राजीनाम्यावर सही करू नये. घरच्यांनी ती करू देऊ नये.

कायद्याच्या भाषेतही तेच तत्त्व दिसते : हे काम होत नाही, तर दुसरे कोणते होईल ते शोधा.

निष्कर्ष

आता मूळ प्रश्नाकडे यावे. व्याधीने ज्याचा व्यवसाय थांबला, त्याने प्रथम तीन पदर वेगळे करावे. उपजीविकेसाठी हक्काचे जे असेल ते मागण्यात संकोच करू नये. प्रतिष्ठा लोकांच्या हाती असते, ती परत येईल वा न येईल. तिच्यामागे धावू नये. प्रयोजनासाठी मात्र स्वतःस एक प्रश्न विचारावा : 'माझ्यापाशी जे शिल्लक आहे, त्याची गरज कोणास आहे?' तीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकास वर्गात उभे राहवत नसेल, पण शेजारच्या एका मुलास गणित समजावणे खाटेवरूनही होते. ज्याने आयुष्यभर हिशेब लिहिले, तो मोहल्ल्यातील विधवेस पेन्शनचे कागद नीट करून देऊ शकतो. हे काम लहान आहे खरे. परचुरे शास्त्रींपुढे बसलेले विद्यार्थीही मूठभरच होते.

असेही रोगी असतात, की ज्यांच्यापाशी वाचा नाही, स्मृती नाही, हातपाय हलत नाहीत. त्यांच्या बाबतीत हा विचार थांबतो काय? थांबत नाही. त्यांच्याविषयी मागणी एवढीच उरते, की त्यांनी आपल्यामध्ये असावे. त्यांच्या खाटेपाशी घरातला एखादा मुलगा पाणी पाजण्यास शिकतो, धीर धरण्यास शिकतो. ते शिक्षण त्यास अन्य कोठे मिळणार नव्हते.

उरले ते निरोगी मनुष्याचे कर्तव्य. आजाऱ्यास भेटावयास जाताना फळे न्यावी, पण रिकाम्या हातांनी परत येऊ नये. त्याच्यापाशी काही मागून आणावे. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा, एखाद्या व्यवहारात सल्ला विचारावा, जुन्या गावची एखादी हकीकत विचारावी, आणि जे मिळेल ते कामास लावून पुढच्या भेटीत तसे सांगावे. खोटी मागणी मात्र करू नये. आपले मन राखण्यासाठी विचारले जात आहे, हे रोग्यास तत्काळ कळते आणि त्याचा एकाकीपणा दुणावतो. खरोखर जे हवे आहे तेच मागावे.

सेवाग्रामच्या त्या कुटीत अंगास तेल लावणारे हात होते, तसे समोर बसून पाठ घेणारे कानही होते. रोग्यास दोहोंची गरज असते. पहिली गोष्ट आपण पुष्कळदा करतो. दुसरी आजपासून करावी, एवढेच ह्या निरूपणाचे प्रयोजन होय.